बंब व गॅस गिझर

अंघोळीचे पाणी तापवण्याची घरगुती साधने. मुचकुंदी नदीच्या मुखाशी असलेल्या पूर्णगडासारख्या (जि. रत्नागिरी) कोकणी गावात थंडीसाठी घर तापवावे लागत नाही, त्यामुळे थंड देशांतला घरभर ऊब देणारा बॉयलर येथे निरुपयोगी. गरज असते ती कढत पाण्याची.

बंब तांब्याचा व उभट असतो. मधल्या नळीत जळण, भोवती पाणी, खाली जाळी व राखेचा कप्पा. वरून थंड पाणी ओतले की तेवढेच तापलेले पाणी बाहेर येते. नारळाची सोडणे, करवंट्या, काटक्या असे आवारातले काहीही त्याला चालते. म्हणून माडांच्या परिसरात त्याच्याइतके काटकसरी साधन दुसरे नाही.

गॅस गिझरला साठवणटाकी नसते. नळ उघडताच पाण्याच्या दाबाने गॅसची झडप उघडते व बॅटरीच्या ठिणगीने बर्नर पेटतो. छतावरची टाकी पुरेशी उंच नसेल तर तो पेटतच नाही. खरेदीपूर्वी हे पाहावे. २० लिटर पाणी २० अंशांनी तापवण्यास सुमारे ४५ ग्रॅम गॅस लागतो. उपकरण भारतीय मानक १५५५८ नुसार असावे. बाहेर खाऱ्या वाऱ्यात गिझरचा पत्रा लवकर गंजतो. तरीही गिझर बंद न्हाणीघरात कधीही बसवू नये: अपुऱ्या हवेत ज्वलन अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू साचतो आणि माणूस नकळत बेशुद्ध पडतो. पडवीत, पावसाच्या झडीपासून आडोशाला बसवून गरम पाणी नळाने आत न्यावे.