महाभियोग आणि फौजदारी न्याय

सालबाईच्या तहामुळे मराठी इतिहासाला परिचित असलेला गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज १७८५ मध्ये पद सोडून मायदेशी परतला. तरीही १७८८ मध्ये पार्लमेंटसमोर त्याच्यावरील महाभियोगाची सुनावणी सुरू झाली आणि सात वर्षांनी, १७९५ मध्ये, तो निर्दोष ठरला. पदच उरले नव्हते, मग हा खटाटोप कशासाठी? कारण इंग्लंडातील महाभियोग हा मुळी फौजदारी खटलाच होता. कॉमन्स सभेने आरोप ठेवावा आणि लॉर्ड्स सभेने शिक्षा द्यावी, अशी ती रीत होती. १७२५ मध्ये लॉर्ड चान्सेलर मॅकल्सफील्ड याला लाचखोरीबद्दल तीस हजार पौंड दंड झाला, तो याच मार्गाने.

हेस्टिंग्जवर महाभियोग आणण्याचे कॉमन्स सभेने १७८७ मध्ये ठरविले, त्याच वर्षी फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना तयार झाली. विधिमंडळातील बहुमताच्या हाती तुरुंगाच्या किल्ल्या देणे धोक्याचे, हे तिच्या कर्त्यांनी ओळखले. सिनेटने दोषी अधिकाऱ्यास पदावरून दूर करावे, फार तर पुढील पदांस अपात्र ठरवावे. शिक्षेचा विचार न्यायालयांनी करावा, असे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले.

मग एकाच अपराधाबद्दल माणसाला दोनदा शासन होत नाही काय? नाही, कारण पद ही लोकांची ठेव आहे. ती परत घेणे निराळे आणि अपराध्यास दंड करणे निराळे. नेव्हाडातील न्यायाधीश हॅरी क्लेबोर्न करविषयक गुन्ह्याबद्दल १९८४ मध्ये दोषी ठरले. पण राजीनामा न देता ते तुरुंगातूनही वेतन घेत राहिले. अखेर १९८६ मध्ये सिनेटने त्यांना पदच्युत केले. याउलट फ्लोरिडातील न्यायाधीश ॲल्सी हेस्टिंग्ज लाचेच्या खटल्यात १९८३ मध्ये निर्दोष सुटले. तरी सिनेटने १९८९ मध्ये त्यांना दूर केले. सिनेटने त्यांना अपात्र ठरविले नव्हते, म्हणून पुढे ते लोकप्रतिनिधी म्हणून निवडूनही आले.

भारतीय राज्यघटनेतही हा विवेक दिसतो. कलम ६१ प्रमाणे राष्ट्रपतींवर महाभियोग चालतो, तो घटनाभंगाबद्दल आणि केवळ पदच्युतीसाठी. कलम ३६१ त्यांना फौजदारी कारवाईपासून संरक्षण देते, तेही पदावर असेपर्यंतच. हे कवच पदाचे आहे, व्यक्तीचे नव्हे. पद गेले की माणूस इतर नागरिकांसारखाच कायद्यापुढे उभा राहतो.