हिंदू–युरोपियन क्रिकेट सामना (मुंबई, १९०६)

दोन समाजांच्या संघांत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर फेब्रुवारी १९०६ मध्ये झालेला प्रथम श्रेणी क्रिकेट सामना. त्यात हिंदूंनी युरोपियनांवर १०९ धावांनी विजय मिळवला. त्या काळी मुंबईत जिमखाना म्हणजे खेळाचे मैदान आणि सभासदांचे बैठकगृह असलेली, बहुधा एका समाजापुरती मर्यादित असलेली संस्था. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्यात हिंदी लोकांना सभासदत्व नव्हते, आणि समुद्रकिनाऱ्यालगत उभे राहिलेले पारशी, इस्लाम व हिंदू जिमखाने हे त्याचे शेजारी तसेच प्रतिस्पर्धी होते. युरोपियन व पारशी संघांत १८९२ पासून प्रेसिडेन्सी सामना होत असे. हिंदूंनी पारशांना दिलेले आव्हान नाकारले गेले तेव्हा ते बॉम्बे जिमखान्याने स्वीकारले आणि हा सामना ठरला.

हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या व युरोपियनांना १९१ धावांत रोखले. दुसऱ्या डावात हिंदू १६० धावांत बाद झाल्याने युरोपियनांपुढे २१२ धावांचे लक्ष्य होते, पण त्यांचा डाव १०२ धावांत आटोपला. हिंदू संघात डावखुरा फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर व त्याचा धाकटा भाऊ शिवराम होते. हे भाऊ तेव्हा अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या चांभार समाजातले, आणि या सामन्याचे सामाजिक महत्त्व प्रामुख्याने याच गोष्टीत आहे. पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात बाळू दरमहा ४ रुपये पगारावर खेळपट्टीवर रोलर फिरवणे, जाळी लावणे व सभासदांना सरावासाठी गोलंदाजी करणे अशी कामे करत असे. पुढे पुण्यातील हिंदूंनी त्याला संघात घेतले. परंतु ज्याच्या हातून सामने जिंकले जात, त्याच खेळाडूला चहा मात्र मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या नियतकालिकाने १९०६ च्या विजयाचा संबंध अशी बंधने सैल होण्याशी जोडला, आणि तो योग्यच होता.

खेळावर थेट पोट भरत नसल्याने मोठ्या कंपनीची नोकरी हाच गरीब खेळाडूचा आधार असे. बाळूला मुंबईत बी.बी.सी.आय. रेल्वेत, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वसुरी कंपनीत, नोकरी मिळाली व तो तिच्या संघाकडूनही खेळला.

१९०७ मध्ये प्रेसिडेन्सी सामन्यात हिंदूंचा समावेश होऊन तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी व १९३७ मध्ये पंचरंगी झाली. बाळूने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले, तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच रीतसर मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले.