दाखवायचे कोणाला, ते विचारा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येणार होते. आदल्या दिवशी मुलांना सांगितले, फळ्यावर लिहिले. दुसऱ्या दिवशी सातवी-आठवीच्या निम्म्या मुली आल्याच नाहीत. पथकातल्या डॉक्टरबाई रजेवर आहेत, एकटे डॉक्टरसाहेब येणार आहेत, ही खबर संध्याकाळीच मोहल्ल्यात पोहोचली होती. मी चिडलो. स्टाफरूममध्ये म्हणालो, "आपल्या लोकांना कधी अक्कल येणार?" संध्याकाळी एका मुलीची अम्मी भेटली. तिला विचारले, तर ती शांतपणे म्हणाली, "सर, दिखाने को ना नहीं है. किस को दिखाना, वो तो पूछो."

त्या एका वाक्याने मला सव्वाशे वर्षे मागे नेले.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. काही महिन्यांत साथ पुण्यापर्यंत पोहोचली. 4 फेब्रुवारी 1897 रोजी सरकारने साथरोग कायदा आणला. कोणालाही थांबवून तपासायचे, घरात शिरून झडती घ्यायची, संशयिताला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत न्यायचे, असे अधिकार त्याने सरकारला मिळाले. त्याच वर्षी मुंबई बंदरातून हजला जाण्यावरही बंदी आली. रेल्वे स्टेशनांवर प्रवाशांना उतरवून रांगेत उभे करत आणि काखेत, जांघेत गाठ आहे का ते पाहत. प्लेगची खूणच ती होती, त्यामुळे तपासणी चुकीची नव्हती. पण परक्या पुरुषाने, चारचौघांत, बाईच्या अंगाला हात लावायचा, हे कोणत्या घराला मानवेल? पडदा पाळणाऱ्या मुसलमान घरांना नाही आणि सोवळे पाळणाऱ्या ब्राह्मण घरांनाही नाही.

पुण्यात हे काम वॉल्टर चार्ल्स रँडकडे होते. गोरे सोजीर घराघरांत शिरले. देवघर, माजघर, जनानखाना असा भेद राहिला नाही. 22 जून 1897 च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. 'केसरी'तल्या लिखाणाबद्दल टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. हा इतिहास आपण शाळेत शिकवतो.

पण पुढच्याच वर्षी मुंबईत जे घडले, ते शाळेच्या पुस्तकात मी कधी पाहिले नाही. मदनपुरा ही मोमीन विणकरांची वस्ती. 1857 नंतर उत्तरेतून हातमाग घेऊन आलेले हे लोक. सरकारी कागदांत त्यांना 'जुलाहा' म्हटले आहे. 9 मार्च 1898 रोजी प्लेगचे पथक तिथल्या एका आजारी मुलीला तपासायला आले. मुलगी 12 वर्षांची. परक्या पुरुषाने तिला तपासू नये, एवढेच घरच्यांचे म्हणणे होते. वाद वाढला, मोहल्ला जमला, दगडफेक झाली, गोळीबार झाला, माणसे मेली. दंगल शहरभर पसरली.

12 वर्षांची मुलगी म्हणजे आमच्या सातवीच्या वर्गातली मुलगी.

हे लोक नशिबावर हवाला ठेवून बसणारे होते म्हणून त्यांनी विरोध केला, असे त्या वेळचे साहेब म्हणत. आजही काही जण म्हणतात. पण साथीच्या गावात जाऊ नये आणि तिथे असाल तर बाहेर पळू नये, ही शिकवण तर आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून आहे. शामच्या मुलखात अमवासची साथ होती तेव्हा हजरत उमर वाटेतूनच माघारी फिरले होते. अलग राहण्याला आपला विरोध नव्हता. प्रश्न इज्जतीचा होता. दुसरा प्रश्न होता पुढे काय होणार याचा. इस्पितळात नेलेला माणूस बहुतेक वेळा परत येत नसे. प्लेगवर तेव्हा औषध नव्हते. तपासणीनंतर इलाज नसेल, नुसती ताटातूट असेल, तर आई मुलीला लपवणारच.

त्याच काळात दोन गोष्टी वेगळ्या घडल्या. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला. तिथे रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंनाच लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. दुसरी गोष्ट मुंबईची. डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली, जानेवारी 1897 मध्ये स्वतःला टोचून पाहिली. लोक घाबरत होते. तेव्हा खोजा जमातीचे तरुण इमाम, तिसरे आगाखान, यांनी सर्वांसमोर दंड पुढे केला आणि लस घेतली. त्यांच्यामागून हजारो खोजांनी घेतली. लोक तेच, रोग तोच, शहरही तेच. फरक एवढाच की सांगणारा आपला होता आणि त्याने आधी स्वतःवर करून दाखवले.

सरकारही शिकले. 1898 नंतर सक्ती सैल झाली. बायकांना तपासायला बायका नेमण्यावर भर आला, जमातींना आपापली इस्पितळे काढू दिली, मोहल्ल्यातल्या वजनदार माणसांना सोबत घेतले गेले. पण ही अक्कल यायला रँडचा खून आणि मदनपुऱ्याची दंगल व्हावी लागली.

आता आपल्या वाशीमकडे येतो. शेतकरी आत्महत्यांमुळे 2015 मध्ये राज्य सरकारने 14 जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात आपला जिल्हाही आहे. आशाताई घरोघर जाऊन काही ठरावीक प्रश्न विचारतात: उदास वाटते का, कशात मन लागत नाही का. ज्याला गरज दिसेल त्याला दवाखान्यात समुपदेशनासाठी पाठवतात. योजना चांगली आहे. इथे अंगाला हात लावायचा नाही, तरी अडचण येते, आणि ती शब्दांची आहे. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून मला ती लवकर दिसते. आमच्या नात्यातल्या एका खालाला आशाताईंनी विचारले, "नैराश्य वाटते का?" खाला म्हणाल्या, "नाही." कागदावर 'नाही' लिहिले गेले. मी नंतर विचारले, "खाला, दिल घबराता क्या?" तर त्या अर्धा तास बोलत होत्या. झोप नाही, जेवण जात नाही, सगळे सांगितले. आशाताईंनी प्रश्न विचारला होता, खालांनी उत्तरही खरे दिले होते. फक्त दोघींची बोली वेगळी होती.

आमच्या शाळेतही पुढच्या वर्षी आम्ही पद्धत बदलली. शाळेतल्या बाईंनी आधी अम्मी लोकांची बैठक घेतली. काय तपासणार, कोण तपासणार, काही निघाले तर पुढे कुठे जायचे, हे उर्दूत समजावले. डॉक्टरबाई येतील तोच दिवस मागून घेतला. मुलींसाठी वेगळी खोली, दाराला पडदा, आणि हवे तर आईने सोबत थांबावे. त्या दिवशी जवळजवळ सगळ्या मुली आल्या.

त्यांत एक मुलगी होती, आदल्या वर्षी घरी राहिलेली. फळ्यावरचे उतरवताना ती नेहमी चुका करायची. वेलांटीच्या जागी काना, नुक्ता भलतीकडे. वर्षभर मी तिला निष्काळजी म्हणत होतो. एकदा वर्गासमोर उभेही केले होते. तपासणीत निघाले की तिला लांबचे नीट दिसतच नव्हते. आता चष्मा आहे आणि अक्षरही सुधारले. तिला मी नंतर सॉरी म्हणालो. ती लाजून हसली, पण ते वर्ष तिला परत मिळणार नाही. ते वर्ष तिच्या अम्मीमुळे गेले, असे मी आता म्हणत नाही. आदल्या वर्षी ती बैठक आम्ही घेतली असती, तर ती मुलगी तेव्हाच आली असती.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या. पथक आले, आशाताई दारात आल्या, तर त्यांना परत पाठवू नका. बाई डॉक्टर कधी येतील ते विचारा, तो तुमचा हक्क आहे. आणि जे शिक्षक आहेत, मशीद कमिटीत आहेत, बचत गटात आहेत, त्यांनी तपासणीच्या आदल्या दिवशी मोहल्ल्यात एक चक्कर मारावी. लोकांच्या बोलीत सांगावे आणि आपली तपासणी आधी करून घ्यावी.