रांगेत चूक कुणाची? एनसीक्यूची गोष्ट

साताऱ्यातली, सांगलीतली ओळखीची माणसं जुन्या कॉम्प्युटरला नवा एसएसडी लावतात, त्यावर लिनक्स टाकतात आणि आठवडाभरात मला फोन येतो, "मशीन मधेच थिजतंय, डिस्क गंडलेली दिसते." लॉग उघडला की बरेचदा एकच ओळ सापडते: 'राइट एफपीडीएमए क्यूड' ही कमांड फेल. डिस्क परत करायच्या आधी या ओळीमागचा इतिहास ऐका.

समजा, साताऱ्याहून सांगलीला निघालेल्या गाडीत तीन पार्सलं आहेत. पहिलं आष्ट्याचं, दुसरं कराडचं, तिसरं इस्लामपूरचं. दिलेल्या क्रमानंच वाटायची म्हटली तर नुसते हेलपाटे. शहाणा ड्रायव्हर वाटेत लागेल तसं उतरवत जातो. जुन्या हार्ड डिस्कचं हेड असेच हेलपाटे घालायचं, म्हणून एनसीक्यू आलं: 32 पर्यंत कमांड एकदम घ्यायच्या आणि क्रम डिस्कनं ठरवायचा. स्कझी डिस्कमध्ये अशी सोय आधीपासून होती. साटा डिस्कसाठी लिनक्सनं ती 2006 मध्ये, 2.6.18 कर्नलमध्ये घेतली. एसएसडीत हेडच नाही, पण एका वेळी अनेक चिपना काम लावता येतं, त्यामुळं रांगेचा फायदा तिथंही आहेच.

घोळ झाला तो ट्रिममुळं. ट्रिम म्हणजे 'हे ब्लॉक आता रिकामे' असं डिस्कला कळवणं. मूळची ट्रिम रांगेत बसत नव्हती. मिरज लाईनवरचं फाटक पडल्यासारखी सगळी वाहतूक थांबायची. 2011 च्या साटा 3.1 नं रांगेतली ट्रिम आणली, 2013 मध्ये लिनक्सनं ती वापरायला घेतली आणि काही महिन्यांतच क्रूशियल एम500 ला ती झेपत नाही असं दिसलं. कर्नलमध्ये अशा डिस्कची एक यादी आहे, तिच्यात भर पडली. फ्रीबीएसडीच्या ड्रायव्हरमध्येही अशीच यादी आहे.

2015 मध्ये तर गंमतच झाली. अल्गोलिया कंपनीच्या सर्व्हरवर फायलींमध्ये मधेच शून्यं भरलेली सापडली. बोट सॅमसंगकडं गेलं. सॅमसंगच्या इंजिनिअरांनी शोध घेतला, तर दोष लिनक्सच्या रेडच्या कोडमध्ये निघाला, आणि पॅचही त्यांनीच दिला. पण त्याच वर्षी सॅमसंगच्या 8 मालिकेतली रांगेतली ट्रिमही कर्नलनं बंद केली, ती वेगळ्या कारणानं! लोक आजही या दोन गोष्टींची खिचडी करतात. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हाच सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे.

2021 मध्ये आणखी एक जोडी उघडी पडली: सॅमसंग 860 किंवा 870 आणि एएमडीचे जुने, एटीआय काळातले कंट्रोलर. आपल्याकडच्या जुन्या बोर्डांवर नेमकं हेच भेटू शकतं. 5.15 कर्नलपासून लिनक्स या जोडीपुरतं एनसीक्यू आपणहून बंद करतं.

तर आधी बॅकअप घ्या, मग साटा केबल बदला. निम्म्या वेळा काम तिथंच भागतं. नाहीच भागलं तर सिसएफएसमध्ये डिस्कची क्यू डेप्थ 1 करून बघा, रीबूट लागत नाही. एरर थांबल्या तर गडबड रांगेत आहे. मग कर्नल अपडेट करा, किंवा बूटच्या ओळीत 'लिबएटीए डॉट फोर्स बरोबर नोएनसीक्यू' घाला. वेग थोडा उतरेल, एवढंच. एरर तरीही येत राहिल्या, तर मात्र डिस्क खुशाल परत करा.