वास्तुप्रतिकृतींची छायाचित्रे

वास्तूचे आराखडे, रेखाटने व लहान प्रमाणावर केलेल्या प्रतिकृती यांची अभिलेख म्हणून जपलेली छायाचित्रे. बांधकाम पुरे झाल्यावर आराखड्यांची सहसा उपेक्षा होते. प्रतिकृती तर ठिसूळ व जागा अडविणाऱ्या असल्याने टाकून दिल्या जातात. त्यामुळे मूळ वस्तू नाहीशी होऊन छायाचित्र तेवढे उरले, असे पुष्कळदा घडते. अशा छायाचित्रावरून वास्तुकाराचा हेतू कितपत कळतो, हा प्रश्न स्पेनमधील आंतोनी गौदी (१८५२–१९२६) याच्या कार्यासंदर्भात विशेष निकडीचा ठरला.

बार्सेलोनाजवळील कोलोनिया ग्वेल या कामगार वसाहतीतील चर्चसाठी गौदीने १८९८ पासून सु. दहा वर्षे एका टांगत्या प्रतिकृतीवर काम केले. टांगलेली साखळी स्वतःच्या भाराने जो वक्राकार घेते, तो उलटा केला असता केवळ दाबावर उभी राहणारी कमान मिळते, हे तत्त्व इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याने सतराव्या शतकातच मांडले होते. गौदीने दोऱ्यांचे जाळे टांगून त्याला शिशाचे छर्रे भरलेल्या लहान पिशव्या, प्रत्यक्ष भारांच्या प्रमाणात, अडकविल्या. या जाळ्याचे छायाचित्र उलटे धरले, की कमानी, स्तंभ व मनोरे उभे दिसत. अशा छायाचित्रांवरच रंगकाम करून त्याने चर्चची दृश्ये सिद्ध केली. येथे छायाचित्र ही निव्वळ नोंद नसून अभिकल्पाचे साधनच होते. बांधकाम १९०८ मध्ये सुरू झाले, पण चर्चच्या खालच्या भागापलीकडे ते गेले नाही. मूळ प्रतिकृतीही नष्ट झाली. १९८० नंतरच्या दशकात श्टुटगार्ट येथील संशोधकांनी ती पुन्हा उभारली, तेव्हा त्यांचा मुख्य आधार हीच छायाचित्रे होती.

बार्सेलोनाच्या साग्रादा फामील्या या चर्चची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. गौदीने हे काम १८८३ मध्ये हाती घेतले. कागदावरील आलेखांपेक्षा प्लास्टरच्या मोठ्या प्रतिकृतींवर त्याची भिस्त असे. जुलै १९३६ मध्ये, यादवी युद्धाच्या प्रारंभी, कार्यशाळेला आग लावण्यात आली. रेखाटने जळाली व प्रतिकृती फोडल्या गेल्या. मागे राहिले ते प्लास्टरचे तुकडे आणि १९२८ व १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांसारख्या प्रकाशनांतील चित्रे. यांतील एकही साधन एकट्याने पुरेसे नव्हते. तुकड्यावरून माप व वक्रपृष्ठाची भूमिती मिळते, पण तो कोठला हे कळत नाही. छायाचित्रावरून स्थान कळते, पण खोली व मागची बाजू कळत नाही. दोन्ही एकत्र ठेवूनच पुनर्रचना शक्य झाली. रंगाच्या बाबतीत मात्र छायाचित्रे जवळजवळ मुकीच आहेत. १९१० मध्ये पॅरिसला मांडलेली दर्शनी भागाची प्रतिकृती रंगविलेली होती. तिच्या कृष्णधवल चित्रांतून ती रंगसंगती उमगत नाही.

इतक्या अपुऱ्या साधनांवर काम पुढे नेणे योग्य की अयोग्य, याविषयी तीव्र मतभेद झाले. ल कॉर्ब्यूझ्ये याच्यासह अनेक वास्तुकार व विचारवंतांनी १९६५ मध्ये काम थांबविण्याचे जाहीर आवाहन केले. त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. तथापि ज्या भागांच्या प्रतिकृतींचे तुकडे व चित्रे दोन्ही उपलब्ध होती, त्यांना तो सारख्याच जोराने लागू पडत नाही. मध्यदालन अशांपैकीच असून ते पूर्ण होऊन नोव्हेंबर २०१० मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या हस्ते चर्चचे पवित्रीकरण झाले.