सफारी : गाडीचं नाव, चासी आणि फौजेचा हिशेब

आपण इथे बहुधा लढायांबद्दल, किल्ल्यांबद्दल, सीमेवरच्या रस्त्यांबद्दल बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे. आज एका गाडीचा इतिहास सांगणार आहे, टाटा सफारीचा. माझ्यासारख्या निवृत्त फौजी माणसाने गाडीवर का बोलावं, असं काहींना वाटेल. पण फौजेत गाडी ही हौसेची वस्तू नसते. शिधा, दारूगोळा, जखमी जवान, सगळं तिच्यावर अवलंबून असतं. म्हणून गाडीचा इतिहास हा देशाच्या कुवतीचाही इतिहास असतो.

सुरुवात जरा मागून करू. टेल्को ही कंपनी 1945 मध्ये स्थापन झाली ती रेल्वेची इंजिनं बनवण्यासाठी. 1954 मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार झाला आणि ट्रक बनू लागले. तो करार 1969 मध्ये संपला. करार संपल्यावर परदेशी कंपनीचा हात सुटतो, आणि मग खरी परीक्षा असते. टेल्को त्या परीक्षेला उतरली, याचं मोठं श्रेय सुमंत मुळगावकर यांना जातं. पुण्याचा कारखाना आणि तिथलं संशोधन केंद्र त्यांच्या काळात उभं राहिलं. आपले साचे, आपली हत्यारं, आपले शिकाऊ कामगार आपणच तयार करायचे, हा त्यांचा आग्रह होता. 1986 मध्ये आलेला 407 टेम्पो हे त्याच आग्रहाचं फळ. त्या वेळी चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसह याच बाजारात उतरल्या होत्या. त्यांच्यासमोर 407 टिकला, नुसता टिकला नाही, पुढे गेला.

मुळगावकर 1989 मध्ये गेले. 1994 मध्ये टेल्कोने आठ-दहा माणसांची गाडी आणली, तिचं नाव सुमो. अनेकांना वाटतं की हे नाव जपानी पैलवानांवरून आलं. पण सुमंतमधला ‘सु’ आणि मुळगावकरमधला ‘मो’ मिळून सुमो झालं. एका मराठी अभियंत्याचं नाव अशा रीतीने देशभरच्या रस्त्यांवर फिरलं, हे आपल्या नव्या पिढीला ठाऊक असायला हवं.

आता सफारीचं घराणं पाहा. 1988 मध्ये टाटा मोबाइल हा पिकअप आला. त्याच पायावर 1991 मध्ये सिएरा, 1992 मध्ये इस्टेट, 1994 मध्ये सुमो आणि 1998 मध्ये सफारी आली. म्हणजे सफारीची आजी मालवाहू गाडी होती. हे कमीपणाचं नाही. उलट तिचा दणकटपणा तिथूनच आला. खाली शिडीसारखी जाड लोखंडी चासी आणि तिच्यावर बसवलेली बॉडी, अशी ही रचना. खड्ड्यात एक चाक गेलं, दुसरं दगडावर चढलं, तरी तो सगळा पीळ चासी सोसते. फोर बाय फोर आवृत्तीत चारही चाकांना ताकद मिळायची आणि चढ-चिखलासाठी वेगळा लो गिअर होता. मागच्या दारावर लटकवलेलं जादा चाक आणि मागे उंच होत गेलेलं छप्पर ही तिची ओळख.

पहिलं इंजिन दोन लिटरचं टर्बो डिझेल होतं. एवढ्या जड गाडीला ते थोडं कमीच पडायचं. 2005 मध्ये तीन लिटरचं डायकोर इंजिन आलं. 2007 मध्ये 2.2 लिटरचं 140 पीएस ताकदीचं इंजिन आलं आणि गाडी खऱ्या अर्थाने मोकळी पळू लागली. 2012 मध्ये सफारी स्टॉर्म आली, मागच्या दारावरचं चाक गाडीखाली गेलं आणि चासीही बदलली. पुढे 400 न्यूटन मीटर टॉर्कचं इंजिनही मिळालं.

या मधल्या काळात कंपनीची स्थिती कशी होती, तेही लक्षात घ्या. 1998 च्या अखेरीस इंडिका आली. त्यात प्रचंड पैसा गुंतला होता आणि 2000-01 या वर्षी कंपनीला सुमारे 500 कोटी रुपयांचा तोटा झाला. अशा वेळी सफारीसाठी कोरी गाडी घडवणं शक्य नव्हतं. जुनं अंग ठेवून इंजिन बदलत राहणं, हाच मार्ग होता. फौजेत आम्ही याला ‘आहे त्यात भागवणं’ म्हणतो. ते वाईट नसतं, पण त्याला मर्यादा असते. याच काळात, 2002 मध्ये, महिंद्राने स्कॉर्पिओ आणली आणि सफारीला तोडीचा प्रतिस्पर्धी मिळाला.

आता फौजेकडे वळू. अनेक वर्षं हलक्या गाड्यांत मारुती जिप्सीचं राज्य होतं. वजनाने कमी, पेट्रोलवर चालणारी, बर्फात-वाळूत अडकली तर चार जवानांनी ढकलून काढावी अशी. पण काळ बदलला. वायरलेस संच, जादा उपकरणं, जादा माणसं, हे सगळं त्या छोट्या गाडीत मावेना. मग नवी मागणी निघाली, जीएस 800. म्हणजे किमान 800 किलो भार, टणक छप्पर आणि वातानुकूलन. वातानुकूलन ऐकून काही लोक हसतात, पण राजस्थानच्या उन्हात बंद गाडीतला संच आणि माणूस दोन्ही तापतात, हे तिथे राहिलेल्यालाच कळतं. निरनिराळ्या प्रदेशांत प्रदीर्घ चाचण्या झाल्या, आणि एप्रिल 2017 मध्ये 3,192 सफारी स्टॉर्म पुरवण्याचा करार झाला. मॅट हिरव्या रंगातली सफारी छावण्यांत दिसू लागली.

आणि आता खरा प्रश्न. करार झाला 2017 मध्ये, आणि 2019 मध्ये सफारी स्टॉर्मचं उत्पादन थांबलं.

यात कुणी फसवलं असं नाही. बाजार बदलला होता. डिसेंबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात 2000 सीसी आणि त्याहून मोठ्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली, ती बंदी ऑगस्ट 2016 पर्यंत राहिली. धडकेपासून बचावाचे नवे निकष आले. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू होणार होतं. जुन्या गाडीवर तेवढा खर्च करणं कंपनीला परवडणारं नव्हतं. कंपनीच्या जागी आपण असतो, तर आपणही कदाचित तेच केलं असतं.

पण फौजेचं घड्याळ वेगळं चालतं. बाजारात गाडीचं रूप पाच-सहा वर्षांत बदलतं. युनिटमध्ये गाडी त्याहून कितीतरी जास्त वर्षं राबते. तिच्यासाठी सुटे भाग लागतात, ईएमईचे कारागीर शिकवावे लागतात, एमटी हवालदाराला तिच्या खोडी माहीत व्हाव्या लागतात. गावच्या बाजारपेठेत तीच गाडी फिरत असेल, तर फिल्टर, क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश कुठेही मिळतात. बाजारातून गाडी गेली की सगळा भार पुरवठा साखळीवर येतो. म्हणून माझं मत असं की गाडी निवडताना तिची ताकद आणि किंमत यांच्या जोडीला आणखी एक रकाना हवा : ही गाडी नागरी बाजारात अजून किती वर्षं राहील? आणि ती बंद झाली, तर सुटे भाग किती वर्षं मिळतील, हे करारात स्पष्ट लिहिलेलं हवं.

पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. 2021 मध्ये सफारी हे नाव परत आलं. पण ही गाडी वेगळी. ती हॅरियरची मोठी बहीण, आणि तिचा पाया लँड रोव्हरच्या डी-8 रचनेवरून घेतलेला. टाटांनी 2008 मध्ये जग्वार लँड रोव्हर विकत घेतली, त्याचं हे फळ. ही गाडी आरामदायी आहे. 2023 मध्ये तिला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले, ते कौतुकास्पदच आहे. कुटुंबाला घेऊन पुण्याहून नागपूरला जायचं असेल, तर जुनीपेक्षा नवी गाडी केव्हाही बरी. पण ती आली पुढच्या दोन चाकांच्या ताकदीवर, फोर बाय फोरशिवाय. नाव तेच, काम वेगळं.

आणि फौजेने 2023 मध्ये काय घेतलं? आधी 1,470 आणि मग आणखी 1,850 स्कॉर्पिओ क्लासिक. महिंद्राने 2022 मध्ये नवी स्कॉर्पिओ-एन आणली, पण जुन्या अंगाची गाडी ‘क्लासिक’ म्हणून चालू ठेवली. शिडीची चासी ज्याने सांभाळली, त्याच्याकडे ऑर्डर गेली. यात टाटांची हार किंवा महिंद्रांची जीत मी पाहत नाही. दोन्ही आपल्याच कंपन्या. जीप, जोंगा, शक्तिमान, या सगळ्यांचं मूळ परदेशी होतं. आता मात्र फौजेसमोर स्पर्धेला उभ्या राहणाऱ्या दोन्ही गाड्या भारतात घडवलेल्या असतात, हे फार मोठं अंतर आपण कापलं आहे.

मात्र कुवत एकदा कमावली की कायमची राहते, असं नसतं. लो गिअरची पेटी घडवणारे हात, चासीची वेल्डिंग जाणणारे कारागीर, चाचणी घेणारे चालक, यांना काम मिळत राहिलं तरच ती विद्या टिकते. मुळगावकरांनी शिकाऊ कामगारांवर भर दिला, तो याचसाठी.

तुमच्याकडे जुनी सफारी असेल, तर तिची निगा राखा आणि तिच्याबद्दलचे अनुभव खाली जरूर लिहा. आणि नवी गाडी घ्यायला जाल, तेव्हा नावावर न जाता खाली वाकून पाहा, चासी कोणती, ताकद किती चाकांना, सुटे भाग जवळपास कुठे मिळतील. सैन्यात गाडी ताब्यात घेताना आम्ही हेच करत होतो. पुढच्या भागात जबलपूरच्या वाहन कारखान्याबद्दल बोलू. जय हिंद.