पिसांवरचे परागकण

केवड्याची बने आपण कोकणच्या किनाऱ्यावर पाहिलेली असतात. लांब काटेरी कडांची पाने, खोडातून जमिनीकडे उतरणारी जाडजूड आधारमुळे आणि पानांत गुंडाळलेले सुगंधी कणीस ही त्याची ओळख. याच केवड्याच्या कुळातली एक वेल पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर, तिथल्या पावसाळी जंगलात उंच झाडांवर चढते. स्थानिक लोक तिला ‘इए-इए’ म्हणतात. या वेलीच्या फुलांवर पूर्वी कोण येत असे, या प्रश्नाचे उत्तर जंगलात मिळाले नाही. ते मिळाले संग्रहालयाच्या कपाटात. त्याचीच ही हकीकत.

हवाईच्या लोकांना ही वेल फार पूर्वीपासून माहीत होती. तिची हवेतली मुळे चिवट आणि लवचीक असतात. ती सोलून, चिरून त्यांपासून टोपल्या आणि मासे पकडायचे सापळे विणत. सरदारांच्या शिरस्त्राणांचा सांगाडाही याच मुळांचा असे आणि त्यावर पक्ष्यांची लाल-पिवळी पिसे बांधलेली असत. १७७९ साली कालानिओपुऊ या राजाने आपले असे शिरस्त्राण आणि पिसांचा झगा कॅप्टन कुकला दिला. या दोन्ही वस्तू पुढे न्यूझीलंडच्या संग्रहालयात पोहोचल्या आणि २०१६ साली हवाईला परत आल्या.

युरोपीय वनस्पतिशास्त्रात मात्र वेलीची नोंद बरीच नंतर झाली. १८१९ साली ‘युरानी’ हे फ्रेंच जहाज हवाईला आले. कप्तान होते लुई द फ्रेसिने आणि वनस्पती गोळा करण्याचे काम गोदिशो यांच्याकडे होते. परतीच्या वाटेवर, १८२० साली, हे जहाज फॉकलंड बेटांपाशी फुटले आणि गोदिशोंच्या संग्रहाची बरीच हानी झाली. जे वाचले त्यावर त्यांनी काम केले आणि १८२४ साली वेलीच्या प्रजातीला कप्तानाचे नाव दिले. आज तिचे शास्त्रीय नाव फ्रेसिनेशिया आर्बोरिया असे आहे.

आता फुलांकडे वळू. इए-इएची नर फुले एका वेलीवर येतात, तर मादी फुले दुसऱ्या वेलीवर. फुले अगदी लहान असून कणसात दाटीने बसलेली असतात. कणसांभोवती नारिंगी रंगाची, मांसल, गोड पाने असतात. त्यांना छदे म्हणतात. नर आणि मादी वेली वेगळ्या असल्यामुळे परागकण एकीकडून दुसरीकडे नेणारा कोणीतरी हवाच. गोड छद हे त्या वाहकाला दिलेले खाद्य. छद खाताना त्याचे तोंड कणसाला घासते आणि परागकण चिकटतात. मग हा वाहक कोण?

१९८०च्या सुमारास पॉल ॲलन कॉक्स या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने जंगलात पाहणी केली, तेव्हा छदे खाताना दिसला तो एक छोटा हिरवट पक्षी, जपानी चष्मेवाला. आपल्या बागेत थव्याने फिरणाऱ्या, डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेल्या चष्मेवाल्याचा हा जवळचा नातेवाईक. निरीक्षण अचूक होते. पण इथेच थांबले असते तर निष्कर्ष चुकला असता, कारण हा पक्षी हवाईचा नव्हेच! कीड खाईल म्हणून १९२९ साली त्याला मुद्दाम आणून सोडले होते. वेल त्याच्या हजारो वर्षे आधीपासून तिथे आहे.

मग पूर्वी हे काम कोण करत होते? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पर्किन्स नावाच्या निसर्गसंशोधकाने ‘ओऊ’ हा आकडेदार चोचीचा पक्षी इए-इए खाताना पाहून तशी नोंद केली होती. त्या काळी संग्राहकांनी मारलेल्या अनेक पक्ष्यांची कातडी संग्रहालयांत जपून ठेवलेली होती. कॉक्स यांनी ती काढून पिसे तपासली. ओऊ, ‘अलाला’ हा हवाईचा कावळा आणि कोना भागातला एक जाड चोचीचा पक्षी अशा तीन जातींच्या पिसांवर त्यांना इए-इएचे परागकण सापडले. १९८३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले.

या पुराव्याचे वजन किती, हे विद्यार्थ्यांना जरूर विचारावे. पिसावरचा परागकण एवढेच सांगतो की पक्षी नर फुलांशी पोहोचला होता. तो नंतर मादी वेलीवर गेला की नाही, हे त्यावरून कळत नाही. पण फुलाची रचना, पर्किन्स यांची नोंद आणि पिसांवरचे परागकण एकत्र ठेवले की चित्र बरेच स्पष्ट होते.

त्या तीन पक्ष्यांचे पुढे काय झाले? कोनाचा पक्षी एकोणिसाव्या शतकाबरोबरच संपला. ओऊ १९८९ नंतर कोणाला खात्रीने दिसलेला नाही. अलाला २००२ नंतर जंगलात उरला नाही. पिंजऱ्यात वाढवलेले काही कावळे २०१६ पासून सोडले, पण बरेच मेले आणि उरलेले २०२० साली परत आणावे लागले. २०२४ साली माउई बेटावर पुन्हा प्रयत्न सुरू झाला. हवाईतल्या पक्ष्यांच्या ऱ्हासामागे जंगलतोड आहे, बाहेरून आलेले उंदीर आहेत आणि पक्ष्यांना होणारा हिवतापही आहे. तो पसरवणारा डास बेटांवर पोहोचला १८२६च्या सुमारास, जहाजांमधून.

म्हणजे माणसाबरोबर आलेल्या जिवांनी जुने वाहक हिरावले आणि माणसानेच आणलेल्या दुसऱ्या पक्ष्याने योगायोगाने ती जागा भरली. यावरून ‘निसर्ग आपले आपण निभावून नेतो’ असा धडा घेऊ नये. चष्मेवाल्याला इथे आणताना या वेलीचा विचार कोणीच केला नव्हता. शिवाय हाच पक्षी उरल्यासुरल्या स्थानिक पक्ष्यांशी अन्नासाठी स्पर्धा करतो.

आज दिसणारे नाते जुनेच असेल असे आपण सहज धरून चालतो. इए-इएच्या बाबतीत ते पन्नासएक वर्षांचेच होते. हे कळले, कारण कोणीतरी पक्ष्याचे कातडे जपले होते आणि त्याच्या पायाला जात, ठिकाण आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधली होती. ती जपणाऱ्याच्या मनात परागकण नव्हते. आपल्या शाळेच्या कपाटातही वाळलेली पाने, बिया, गळून पडलेली पिसे असतात. त्यांवर गाव आणि तारीख लिहिलेली आहे का, एवढे एकदा पाहावे.